आलो गं, आलो

चंद्रे, नऊ दिवस झालं
तू पान्हा चोरतीस.
आचळाला हात लावला की पाय आखडतीस,
शेणानं भिजलेली शेपटी तोंडावर मारतीस
आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर
ग्लास धरून उभी असलेली माणसं
माझ्याकडं बघायचं टाळून
समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी वाचत्यात.

दीर म्हणालं, सरकी वाढवा, वैनी.
एकानं हळूच खिशातनं सुई काढली,
टोचली की धबाधबा सोडंल म्हणाला.
नगं म्हटलो.
तिला रोग न्हाई.

आमच्यात सुतक न्हाई,
कासंला तर न्हाईच न्हाई.
सीपीआरमधनं मालकांना घरी आणलं,
कपाळाला ईबूत लावली
आणि रुद्रभूमीत, आमच्या रीतीनं,
बसवून मातीत ठेवलं.
मांडी घालून.
चाळीस वर्षं उकिडवं बसलेला माणूस,
गुडघ्यात बादली धरून,
तुझ्या आजीखाली, तुझ्या आईखाली, मग तुझ्याखाली.
गुडघं मिटंनात म्हणून
दोघांनी दाबलं.
त्याच दिवशी सांजच्याला तू हंबरलीस
आणि मी दावं सोडून कट्ट्यावर आलो.

गाणं तुझं हुतं. माझं न्हवं.
मला उभ्या जन्मात एक ओळ म्हटली न्हाई त्यांनी.
तुझ्या पोटाला कपाळ टेकवायचं, डोळं मिटायचं,
आणि बारीक, नाकातनं:

काळ्या गं काळ्या ढगाच्या लेकी,
पोटात चांदणं लपवतीस किती

रिकाम्या बादलीत पहिली धार खणखणायची,
मग फेस चढंल तसा आवाज जाड व्हायचा,
गाणं खाली खाली जायचं त्याच्यासंगं.
बादली भरली की मालक उठायचं.
पुढचं कडवं तिथंच राहायचं, तुझ्या कातड्याला चिकटून.
बावीस वर्षं मी शेजारी ग्लास विसळत हुतो.
पुढं काय हाय, एकदा तरी विचारायचं.
मी सुट्टं पैसं मोजत बसलो.

तालमीतली पोरं अजून येत्यात,
अंगाला तांबडी माती घेऊन.
त्यातला एक, दत्तवाडचा, पंधरा वर्षांचा असंल,
परवा गाण्याची पहिली ओळ म्हणून बघितली त्यानं.
तू कान टवकारलंस,
आणि लाथ घातलीस.
पोरगं हसलं. मग हसायचं थांबलं.

आज उशीर झाला.
हिराक्काच्या म्हशीनं दावं तोडलं,
तिला धरून बांधंपर्यंत दिवं लागलं.
तू लांबनं हंबरलीस
आणि माझ्या तोंडातनं निघालं,
आलो गं, आलो!

धाकटी जाऊ नगरची.
लग्न होऊन आली तवा पदर तोंडाला लावून हसायची,
बाई असून आलो-गेलो काय म्हणता तुम्ही?
काय सांगू तिला. कोल्हापूर हाय.
इथं पुरुष बी आलो, बाई बी आलो,
आज तरी त्याचा मला उपयोग झाला.
कारण तू मान वळवलीस.
रोज ह्याच वेळंला, ह्याच कोपऱ्यावरनं
मालक हेच म्हणायचं तुला.
शब्द तोच. वरचा आवाज माझा.

मी खाली बसलो. बादली गुडघ्यात धरली.
पोटाला कपाळ टेकवलं
तर तिथं केस झिजून एक जागा गुळगुळीत झालेली,
माझ्या कपाळापेक्षा मोठी.
काळ्या गं काळ्या, म्हटलो.
सूर न्हवता. खोकला हुता नुसता.
तू पाय हलवला न्हाईस.

एक धार. खण्.
मग किती तरी वेळ काहीच न्हाई.
मग दुसरी.

कट्ट्यावर कुणी बोलंना.
दोन ओळी झाल्या, परत दोन झाल्या,
पुढचं मला येत न्हाई, चंद्रे,
तेच तेच म्हणत बसलो.
पाव लिटर असंल, जास्त न्हाई.
बादली अजून रिकाम्यासारखीच वाजती.